संशोधन कुठवर आलंय?

माझ्या मावशीच्या फाइलमध्ये बायोप्सीच्या रिपोर्टमागे वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. चार घड्यांचं, घड्या फाटू नयेत म्हणून मागून चिकटपट्टी लावलेलं. विदर्भातल्याच एका संशोधक चमूला एका रानझाडाच्या सालीत कॅन्सरवर 'रामबाण' गुण सापडल्याची ती बातमी. मावशी काटोलची. छातीतली गाठ तिच्या हाताला पौषात लागली आणि नागपूरच्या रामदासपेठेत डॉक्टरांसमोर ती बसली तेव्हा भाद्रपद उजाडला होता. मधले आठ महिने ती त्या सालीचा काढा पीत होती. "पेपरात आलं ना रे, खोटं कायले छापतीन ते?" असं तिने मला विचारलं, आणि तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या मला पटकन उत्तर सुचलं नाही.

ते कात्रण गेल्या महिन्यात पुन्हा आठवलं. शहरातल्या एका सभागृहात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्यावर परिसंवाद होता. एका वक्त्याने तीन बातम्या एका दमात सांगितल्या. संगणकाने लाखो नवे पदार्थ शोधले, रसायनशास्त्रज्ञांनी हवेतून पाणी काढणारा पदार्थ बनवला आणि आपल्या वनौषधींनी कॅन्सरच्या पेशी मारल्या. तिन्हींना सारख्याच टाळ्या. दुसऱ्या वक्त्याने पहिल्या दोन मान्य केल्या आणि तिसरीला 'पालापाचोळा' म्हणून उडवून लावलं. त्यालाही टाळ्या. दीड तास भांडण चाललं ते औषध कुणाचं यावर: आपलं की परक्यांचं, ऋषींचं की कंपन्यांचं. यातलं प्रत्येक संशोधन आज कुठवर आलंय, हे एकानेही विचारलं नाही. ते कागदावर आहे, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या बशीत आहे, उंदरात आहे, की माणसात?

माझ्या मते या वादातला पहिला प्रश्न हाच आहे आणि तो तिन्ही क्षेत्रांना एकाच आवाजात विचारला पाहिजे. ज्या प्रयोगशाळेला जनतेचा पैसा मिळतो तिने यशाची बातमी देताना काम कोणत्या पायरीवर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावं. आणि त्यापुढच्या पायऱ्या बांधण्याची जबाबदारी विद्यापीठाने आणि सरकारने उचलावी. झाडावर विश्वास आहे की नाही, ही चर्चा त्यानंतरची.

आधी झाडाला हसणाऱ्यांशी बोलतो. नागपुरात सदाफुली नाही असं अंगण शोधावं लागेल. मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत तुळस माना टाकते तेव्हाही ही फुललेली असते. तिचा कॅन्सरशी संबंध लागला तो अगदी आडवाटेने. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. १९५२ मध्ये तिथल्या एका रुग्णाकडून आलेली पंचवीस पानं कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. त्यांनी अर्क काढून उंदरांवर तपासला. रक्तातली साखर जागची हलली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. प्रयोग फसला म्हणून नोबल यांनी वही मिटली नाही. ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या आजारात हाच अर्क काय करील, असा त्यांना प्रश्न पडला. १९५८ पर्यंत चार्ल्स बिअर यांच्यासोबत त्यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं काढलं. त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि मुलांच्या ल्युकेमियात ते आजही दिलं जातं. लोकांचा अनुभव ज्या आजारापुरता होता तिथे तो उंदरांत खरा ठरला नाही, आणि झाड भलत्याच ठिकाणी खरं ठरलं. नुसती श्रद्धा असती तर चहा चालू राहिला असता आणि नुसती टवाळी असती तर पाकीट उघडलंच गेलं नसतं.

दुसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाचं आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकात का नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. मनसुख वाणी १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. १९६२ मध्ये तिथल्या वायव्येकडच्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली. मन्रो वॉल आणि वाणी यांनी त्या सालीतला गुणकारी रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना मांडली. तो पेशीत नेमकं काय करतो हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. औषध म्हणून मंजुरी मिळायला १९९२ उजाडलं. साल सोलल्यापासून तीस वर्षं. ते औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, आणि आज ते दर आठवड्याला माझ्या मावशीच्या शिरेत जातं. मी तिला हे सांगितलं तेव्हा सलाइनच्या बाटलीकडे बघत ती म्हणाली, "हेबी सालीचंच हाय का रे?"

मूळचं सालीचंच. आठ महिने प्यायलेली साल आणि ही साल यांच्यात फरक आहे तो त्या तीस वर्षांचा. त्या काळात काय काय होतं हे पाहायचं असेल तर आपल्या सह्याद्रीतलं नरक्या हे झाड बघावं. त्यात कॅम्पटोथेसिन असल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. हाच रेणू वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडात शोधला होता. त्यात कॅन्सर रोखण्याचा गुण खरोखर होता. पण माणसांना देऊन पाहिला तेव्हा त्याचे विषारी परिणाम इतके तीव्र निघाले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करत करत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही वापरण्याजोगी औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. दरम्यान मागणी वाढली तसे आपले नरक्याचे जंगल चोरून तोडले गेले, हा आणखी एक तोटा. बशीतल्या पेशी मेल्या म्हणून कुणी त्या काळात नरक्याचा काढा सुरू केला असता तर त्याचं काय झालं असतं?

आता दुसऱ्या बाजूकडे. या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा की हजारो वर्षांचा अनुभव हीच एक प्रदीर्घ चाचणी आहे. तो मी हलका मानत नाही. बिब्बा बघा. आपल्याकडे कोणत्याही खेड्यातली म्हातारी सांगेल की कच्चा बिब्बा अंगावर उततो, त्याला हात कसा लावायचा, शुद्ध कसा करायचा. हे ज्ञान कुठल्याही प्रयोगशाळेने तिला दिलेलं नाही. पण ते ज्ञान मिळालं कसं? बिब्ब्याचं तेल लागलं की एक-दोन दिवसांत कातडी सुजते, म्हणून कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटून दिसतात. ताप उतरणं, जुलाब होणं, जखम भरणं, इथे अनुभवाची नजर तीक्ष्ण असते. कॅन्सर मात्र पंचवीस-तीस वर्षं दबा धरून बसतो. तिथे अनुभव आंधळा होतो, आणि याचा पुरावा आपल्या प्रत्येक चौकात उभा आहे.

मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बाहेरच्या कोणत्याही पानठेल्यावर सकाळी पाच मिनिटं उभं राहा. ठेलेवाला पन्नीच्या तुकड्यावर सुपारीचा चुरा टाकतो, त्यावर तंबाखू, मग चुना, आणि पन्नीची घडी करून ती लाकडावर घासत राहतो. खसखस, खसखस. सुपारी ओलसर लालसर झाली की खर्रा तयार. घेणाऱ्यांमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा असतो आणि आत वडिलांना तोंडाच्या ऑपरेशनला भरती करून आलेला मुलगाही असतो. पानसुपारी आपण किती शतकं खातोय? देवाला ठेवतो, पाहुण्याला देतो, जेवणानंतरची म्हणून तिचे गुण गातो. एवढ्या शतकांच्या अनुभवाला सुपारी कॅन्सर करते हे दिसलं का? तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं, आणि तेही हजारो माणसांच्या नोंदी मांडून. वनस्पतीच आहे, म्हणजे अपाय नाही, असं ज्याला वाटतं त्याने नागपुरातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओपीडीत एक सकाळ बसावं. जो अनुभव कॅन्सरचं कारण ओळखू शकला नाही, तो कॅन्सरचा उपाय ओळखेल असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

परंपरेला पुढे नेण्याची रीत कोणती, हे चीनने दाखवलं आहे. सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आपल्या रसशास्त्रातही आहे आणि त्यांच्याकडेही. १९७०च्या दशकात हार्बिन शहरातल्या डॉक्टरांकडे एक खेडवळ उतारा आला. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता, बेडकाचं विष होतं. त्यांनी एकेक घटक काढून पाहिला. काम सोमल करतो आणि बाकीचे फुकटचा त्रास देतात, हे ठरवलं. रुग्ण मोजले, रक्ताच्या कॅन्सरच्या कोणत्या प्रकारात गुण येतो आणि कोणत्यात नाही हे वेगळं केलं. एका विशिष्ट ल्युकेमियासाठी आर्सेनिक ट्रायऑक्साइड अमेरिकेत २००० मध्ये मंजूर झालं, आणि पूर्वी झपाट्याने माणूस नेणारा तो आजार आता बहुतेकांचा बरा होतो. त्यांनी आजोबांचा उतारा तपासला म्हणून आजोबांचा अपमान झाला का? आपणही हे एकदा केलेलं आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि निबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. ती लढाई कागदावर जिंकली गेली. मग त्याच हळदीने कॅन्सर बरा होतो म्हणताना कागद मागितला की आपल्याला राग का येतो? हळदीतल्या कर्क्युमिनवर माणसांत शंभराहून अधिक चाचण्या झाल्या आहेत. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन ग्रॅमने खाल्लं तरी रक्तात जेमतेम उतरतं, ही तिथली मुख्य अडचण. ती सुटेलही. सुटली की आनंदाने लिहीन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरोखर वजनदार आहे. झाडावर पेटंट मिळत नाही, म्हणून कोणतीही कंपनी त्यावर कोट्यवधी खर्चून चाचणी करणार नाही. म्हणजे 'आधी चाचणी' ही अट घालणं म्हणजे गरिबाच्या औषधाला दारातच अडवणं. यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही, कारण आपल्याच देशात तो खोटा ठरलेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात ते जुनं स्वस्त इंजेक्शन, स्तनाची गाठ काढण्याआधी गाठीभोवती टोचून पाहिलं. देशभरातल्या केंद्रांवर १६०० बायका, अर्ध्यांना दिलं, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. यात कुणाचं पेटंट होतं? सार्वजनिक संस्था, सार्वजनिक पैसा आणि दहा वर्षांहून अधिक काळाची चिकाटी, एवढ्यावर हे झालं. लिग्नोकेनसाठी जमतं ते गुळवेलीसाठी का जमू नये?

याच संस्थेचं दुसरं उदाहरणही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅन्सर परत येऊ न देणाऱ्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी देशभर फिरली. द्राक्षांत असतं ते रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं यांची ती गोळी. त्याच मुलाखतीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कॅन्सर रोखण्याचा प्रयोग फक्त उंदरांवर झालाय आणि माणसांवरच्या चाचण्यांना साधारण पाच वर्षं लागतील. माझ्या फोनवर ती बातमी निदान दहा ठिकाणांहून आली. उंदरांचं वाक्य एकाही मेसेजमध्ये नव्हतं.

संगणकाला आणि पदार्थविज्ञानाला आपण जी सूट देतो ती मला तितकीच खटकते. परिसंवादात ज्या 'लाखो नव्या पदार्थांना' टाळ्या मिळाल्या ते बहुधा गूगल डीपमाइंडचं २०२३ चं काम. संगणकाने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या, त्यांतल्या ३ लाख ८० हजार टिकाऊ ठरतील असा अंदाज दिला. सुचवल्या, म्हणजे ही पहिली पायरी. त्याच वेळी बर्कलीतल्या एका यंत्रचालित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत इतर रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे क्ष-किरण आलेख पुन्हा वाचले आणि त्यात नवं म्हणावं असं काहीच नाही असा निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी कोरियातून खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाची, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थाची, वार्ता आली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी, आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसकट, आठवड्यांत ती खोडून काढली. एआयमुळे पदार्थांचे शोध ४४ टक्क्यांनी वाढतात असं सांगणारा निबंध जगभर उद्धृत झाला, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने स्वतःच्या विद्यार्थ्याच्या त्या निबंधावर आपला विश्वास नसल्याचं जाहीर केलं. म्हणजे चूक करण्यात परके आपल्यापेक्षा कमी नाहीत. पण तिथे कुणीतरी आलेख पुन्हा वाचतो, कुणीतरी पदार्थ पुन्हा भाजून बघतो. आमच्याकडच्या सालीच्या अर्काचा प्रयोग दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिला का?

आणि हवेतून पाणी काढणारा तो पदार्थ? त्या जातीच्या सच्छिद्र पदार्थांना २०२५ चं रसायनाचं नोबेल मिळालं. रिचर्ड रॉब्सन यांना त्याची कल्पना सुचली ती १९७४ मध्ये, मेलबर्नला विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांना भोकं पाडून रेणूंचे नमुने बनवताना. पहिला निबंध १९८९ चा. सुरुवातीचे पदार्थ सहज ढासळत. सुसुमू कितागावा आणि ओमर याघी यांनी पुढची वर्षं खर्चून ते टिकाऊ केले. टाळी वाजवायचीच तर या पन्नास वर्षांना वाजवा.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतोय, कारण तो मला घरात ऐकावा लागला. "ज्याच्या हातात दिवस मोजके आहेत त्याला तुमच्या पायऱ्या काय कामाच्या? पिऊ द्या ना काढा." ज्याच्यावरचे उपचार संपलेत त्याच्या काढ्याला मीही हात लावणार नाही. पण काढा बहुतेकदा सुरू होतो तो आधी, गाठ लहान असताना. अमेरिकेत २०१८ मध्ये छापलेल्या एका पाहणीत, न पसरलेल्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका अडीचपट दिसला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो साडेपाचपटीहून जास्त होता. आणि लोक काढ्याकडे वळतात ते अडाणी असतात म्हणून, हे मी कुणाला म्हणू देणार नाही. मावशी पौषातच एका दवाखान्यात गेली होती. तिथे काउंटरवर तपासण्यांचा आकडा सांगितला गेला, आत तीन मिनिटं मिळाली आणि गाठ म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. बातमीने मात्र तिच्याशी मराठीत, आशेने, सविस्तर बोलणं केलं. आपल्या रुग्णालयांनी हा दोष पदरात घेतल्याशिवाय काढा विकणाऱ्यावर बोट दाखवू नये.

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याने बंदी आहे. बातमी ही जाहिरात नसते, म्हणून ती सुटते. म्हणून मी जबाबदारी बातमी जिथून निघते तिथे ठेवतो. मीही यात निर्दोष नाही. नव्या संयुगाची किंवा अर्काची 'कॅन्सरविरोधी क्रिया' दाखवणाऱ्या प्रबंधांवर मी सह्या केल्या आहेत. पुण्याहून पेशी मागवायच्या, बशीत वाढवायच्या, अर्क टाकायचा, किती मेल्या ते मोजायचं. दाट मिठाच्या पाण्यानेही त्या मरतात. निरोगी पेशी किती वाचल्या, हा प्रश्न मी दर वेळी विचारायला हवा होता, आणि विचारला नाही.

नागपूरला हे बदलायला काय कमी आहे? शंभर वर्षं ओलांडलेलं विद्यापीठ आहे, रसायनतंत्र शिकवणारं १९४२ पासूनचं लक्ष्मीनारायण आहे, अभियांत्रिकीचं व्हीएनआयटी आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, जवळच मेडिकल, मिहानला एम्स. गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथेच येतात. जानेवारी २०२३ मध्ये आपण भारतीय विज्ञान काँग्रेस भरवली. अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेतला अर्क आणि मेडिकलमधला रुग्ण यांच्यात अर्ध्या तासाचा रस्ता आहे, पण अर्क शुद्ध करणारा, त्याची मात्रा ठरवणारा, प्राण्यांवर आणि मग नीतिसमितीच्या संमतीने माणसांवर तपासणारा एकही सामायिक विभाग या रस्त्यावर माझ्या पाहण्यात नाही. वैद्य, रसायनवाले, संगणकवाले आणि कॅन्सरचे डॉक्टर एका टेबलाशी बसतील असा एक विभाग उभा करा. आणि तो होईपर्यंत प्रत्येक पत्रकावर, मथळ्याच्याही वर, एक ओळ छापा: पेशींवर, प्राण्यांवर, की माणसांवर, आणि किती.

मावशीच्या कात्रणातला चमू मी शोधून काढला. काम करणारी मुलगी पीएच.डी. संपवत आली होती. मी रागातच गेलो होतो. वर्तमानपत्राला पाठवलेलं मूळ पत्रक तिने मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरलं. सात परिच्छेद होते. सातव्यात तिने लिहिलं होतं की हे निष्कर्ष फक्त प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहेत, माणसांवर काहीही तपासलेलं नाही, रुग्णांनी चालू उपचार सोडून ही साल घेऊ नये. मी खिशातून कात्रण काढून तिच्या टेबलावर उलगडलं आणि दोघांनी परिच्छेद मोजले. सहा होते.